डिसेंबरात पास, मे महिन्यात नापास: नागपुरातला ओव्हरक्लॉक

आधी प्रश्न थोडक्यात. मानेवाड्याकडे राहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याने इंटेलचा आय५-१२६००के प्रोसेसर झेड६९० मदरबोर्डावर बसवला. डिसेंबरच्या सुट्टीत त्याचे सगळे पी-कोअर (जोरकस कोअर) ओव्हरक्लॉक केले, म्हणजे कंपनीने दिलेल्या स्पीडच्या वर, ५.१ गिगाहर्ट्झवर नेले, बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) १.३४ व्होल्ट फिक्स करून. वर एका टॉवरचा, चार हीटपाइपांचा साधा एअर कूलर. तेव्हा प्रोसेसरला पूर्ण राबवणाऱ्या सिनेबेंच आर२३ या चाचणीच्या दहा मिनिटांच्या फेरीत ८२ अंश यायचे, वॅट १८० च्या आसपास, सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं. आता मे लागला. तीच फेरी दोन मिनिटांत १०० ला टेकते, स्पीड खाली येतो, आणि गेम खेळताना मशीन मधूनच रिस्टार्ट होतं. रात्री ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचा रेंडर लावून झोपला तर सकाळी लॉगिनचा पडदा समोर. खोली वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली, खिडकीला कूलर. त्याचं म्हणणं: "काका, ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर घेऊ का? की प्रोसेसरच खराब निघाला?"

काका म्हणालास, म्हणून मीही 'तू'च म्हणतो.

प्रोसेसर खराब नाही. लिक्विड कूलर आज घेऊ नकोस. तू डिसेंबरात पेपर दिलास आणि मे महिन्यात निकाल लागला, एवढंच झालंय. आणखी एक आधीच सांगून ठेवतो: नागपुरात 'कूलर' म्हटलं की खिडकीतलाच कूलर, त्यामुळे पुढे गोंधळ नको. प्रोसेसरवरच्याला मी हीटसिंक म्हणेन आणि खिडकीतल्याला कूलर.

पहिली गोष्ट अशी की ८२ किंवा १०० हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. डिसेंबरात रात्री अकराला तुझी खोली किती होती? तू १९ लिहिलंयस. म्हणजे प्रोसेसर खोलीच्या वर ६३ अंश होता. आता स्लॅबखालची तीच खोली दुपारी चारला कूलर बंद असताना ४० आहे. ४० अधिक ६३ म्हणजे १०३. पण या प्रोसेसरची मर्यादा १०० आहे, तिथे पोचला की तो स्वतःच स्पीड पाडतो, म्हणून तुला १०३ कधी दिसत नाही, १०० वर चिकटलेला काटा दिसतो. हीटसिंकची काहीच चूक नाही. तो डिसेंबरात जेवढं काम करत होता तेवढंच आजही करतोय. त्याला हवाच चाळीसची मिळतेय, तर तो त्याखाली कसा नेणार?

आता ६३ ला १८० वॅटने भाग. ०.३५ येतात. दर वॅटला सुमारे ०.३५ अंश, हा तुझ्या हीटसिंकचा, त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधल्या पेस्टचा, तुझ्या कॅबिनेटमधल्या हवेचा मिळून एक आकडा झाला. हा आकडा कागदावर लिही आणि मॉनिटरच्या कडेला चिकटव. पंख्यांचा वेग तोच ठेवलास तर हा आकडा डिसेंबर-मे फारसा हलत नाही. किंचित हलतात ते वॅट, कारण गरम सिलिकॉनमधून करंट जास्त झिरपतो. त्याच व्होल्टेजला, त्याच स्पीडला उन्हाळ्यात काही वॅट जास्त लागतात, म्हणून मे महिना हिशोबापेक्षा थोडा वाईटच निघतो. पण अंदाज बांधायला हा भागाकार पुरतो, आणि एकदा तो हाताशी आला की "हे चालेल का, ते चालेल का" असं कुणाला विचारायची गरज उरत नाही.

खोलीचं तापमान मोजायचं ते कॅबिनेटच्या पुढच्या जाळीशी. भिंतीवरच्या घड्याळातला थर्मामीटर चालणार नाही. शंभर-दोनशे रुपयांत वायरवाला छोटा डिजिटल थर्मामीटर मिळतो, त्याची तार पुढच्या पंख्याच्या तोंडाशी टेपने चिकटव. मी अशी तार लावतो तेव्हा निम्म्या वेळा असं दिसतं की खोली ३३ आहे आणि मशीन मात्र ३८ ची हवा ओढतंय, कारण ते टेबलाखालच्या कप्प्यात भिंतीला पाठ लावून बसलंय आणि मागून निघालेली स्वतःचीच गरम हवा पुढून परत खातंय. अशा वेळी कॅबिनेट वीत-दीड वीत पुढे ओढणं हाच पाच अंशांचा फुकटचा उपाय.

आता कूलरबद्दल सविस्तर बोलतो, कारण पुण्या-बंगळुरूच्या मंडळींचे व्हिडिओ पाहून आपल्याकडची पोरं इथेच फसतात.

आपल्या मे महिन्याची हवा तापलेली असते, पण कोरडी असते. बाहेर ४३ असेल आणि आर्द्रता पंधरा टक्क्यांच्या आसपास, तर ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर २२-२३ दाखवतो. कूलरला गाठता येणारा तळ तोच. कूलरच्या बाजूंच्या चांगल्या, नीट भिजणाऱ्या गवती ताट्या या ४३ आणि २३ मधलं अंतर साधारण सत्तर-ऐंशी टक्के कापतात, म्हणजे कूलरच्या तोंडाशी २८ च्या आसपास हवा येते. वर तापलेला स्लॅब असल्यामुळे खोली ३०-३१ वर स्थिरावते. चाळीसवरून एकतीस! तुझ्या प्रोसेसरला हे नऊ अंश जसेच्या तसे मिळतात, एक रुपया खर्च न करता. फक्त समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. बंद खोलीत कूलर लावला की तासाभरात हवा ओली होते आणि थंडावा संपतो, हे घरातल्या आजीलाही माहीत असतं, पण पीसीच्या खोलीत आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पोरं दार लावून घेतात. त्यात तुझं मशीन गेमिंग करताना चारशे-पाचशे वॅट ओकतं. म्हणजे बंद खोलीत छोटी शेगडी पेटवल्यासारखंच झालं की.

पण पंख्याखाली बसलं की आपल्याला बरं वाटतं तसं मशीनला वाटत नाही. आपल्याला घाम येतो, तो सुकतो, म्हणून गार वाटतं. मशीनला घाम येत नाही. ४० ची हवा कितीही जोरात मारली तरी हीटसिंक चाळीसच्या खाली जात नाही. छताचा पंखा पाचवर करून "काका, तरी तापतंच" म्हणणारे माझ्याकडे दर उन्हाळ्यात येतात.

आणि कूलरच्या झोतात कॅबिनेट ठेवायचं नाही. हे मी स्वतःचं एक मशीन घालवून शिकलोय. बरीच वर्षं झाली, इंटेलचा क्यू६६०० प्रोसेसर होता माझ्याकडे, २.४ गिगाहर्ट्झचा ३.० वर चालवायचो, त्या काळात सगळे चालवायचे. नवतप्याचे, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाचे दिवस, घरात बोअरचं पाणी. मी साइडचं झाकण काढून मशीन सरळ कूलरच्या समोर ठेवलं. तापमान असं खाली आलं की मीच माझ्यावर खूश. जूनच्या शेवटी रॅम काढायला गेलो तर स्लॉटच्या कडेला पांढरी भुकटी. बाथरूमच्या नळावर क्षार धरतात ना, अगदी तसेच. कूलरचा झोत नुसती हवा आणत नाही, बारीक तुषार आणतो. तुषारातलं पाणी उडून जातं, क्षार बोर्डावर राहतात. मग पहिल्या पावसाच्या दमट हवेत ते क्षार ओल धरतात आणि पिना खातात. जुलैत बोर्ड गेला. दोष ना कंपनीचा, ना कूलरचा. तेव्हापासून माझा नियम: कूलर खोली थंड करेल, मशीन खोलीतली हवा घेईल, दोघांची तोंडं एकमेकांकडे नसतील. नवीन गवताच्या ताट्या लावल्यावर पहिले दोन दिवस काड्या-कुसं उडतात, ते दोन दिवस मशीन झाकून ठेव.

आता सगळ्यांना चकवणारी गोष्ट. तुझ्या मशीनसाठी सगळ्यात वाईट दिवस नवतप्यातले नसतात. पाऊस तोंडावर आलाय पण पडत नाही, असे जूनमधले कुंद दिवस असतात ना, ते. बाहेर ३९-४०, पण हवा दमट, ओला थर्मामीटर २७ च्या वर. कूलर चालू असूनही खोली ३४ च्या खाली येत नाही. आणि दुसरी वाईट वेळ म्हणजे रात्री दोन वाजता कूलरची टाकी आटते ती. तू रेंडर लावून झोपलास, पंप कोरडा फिरतोय, पंखा बाहेरची गरम हवा आत ढकलतोय, स्लॅब दिवसभर प्यायलेलं ऊन खाली सोडतोय, आणि मशीन शंभर टक्के लोडवर. म्हणून मी नागपुरातलं कुठलंही मशीन खोली ३६ धरून लावतो. खोली ३६, प्रोसेसर जास्तीत जास्त ९०. मधले ५४ अंश तुझे खर्चायचे. ०.३५ ने भाग: १५४ वॅट. तुझ्या आजच्या हीटसिंकवर तुझं बजेट हे आहे, आणि तू खर्च करतोयस १८०.

गंमत बघ, इंटेलने या प्रोसेसरला दिलेली कमाल टर्बो पॉवर १५० वॅटच आहे. तुझ्या बोर्डाने ती मर्यादा काढून टाकलीय. नावात के असलेला, ओव्हरक्लॉक होणारा प्रोसेसर दिसला की झेड बोर्ड बहुधा पीएल१ आणि पीएल२, म्हणजे सततची आणि थोड्या वेळाची वॅट-मर्यादा, यांच्या जागी ४०९५ किंवा २५३ असले आकडे भरून मोकळे होतात. तेव्हा आज संध्याकाळी करायचं काम एकच: बायोसमध्ये जाऊन पीएल१ आणि पीएल२ दोन्ही १५० कर. बस. रात्री टाकी आटो की लाइट कमी-जास्त होवो, प्रोसेसर त्या वॅटवर गेला की थोडा स्पीड सोडेल. गेममध्ये तुला फरक जाणवणारही नाही, कारण गेममध्ये हा प्रोसेसर १५० पर्यंत क्वचितच जातो.

मग व्होल्टेज. खरी चरबी इथे आहे. प्रोसेसरचे वॅट स्पीडच्या पटीत वाढतात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. ५.१ साठी १.३४ दिलेस. समजा ४.९ वर आलास आणि १.२५ मध्ये तो स्थिर राहिला. १.२५ चा वर्ग भागिले १.३४ चा वर्ग म्हणजे ०.८७. स्पीडचा भाग ०.९६. गुणाकार ०.८४ च्या जवळ. १८० चे झाले १५०. स्पीड सोडला चार टक्के, उष्णता वाचली सोळा टक्के, तापमानात साडेदहा अंश. शेवटचे दोनशे मेगाहर्ट्झ म्हणजे लग्नातल्या पंगतीतला शेवटचा लाडू. जागा नसते, पण आग्रहाला माणूस बळी पडतो.

१.२५ तुझ्या चिपला पुरेल की १.२८ लागतील, हे चिपवर आहे. ०.०१ ने खाली येत जा, प्रत्येक पायरीला तपास. बायोसमध्ये लिहिलेला आकडा आणि लोडवर प्रत्यक्ष मिळणारा आकडा एक नसतो, हेही ध्यानात घे. लोड पडला की व्होल्टेज थोडं खाली बसतं आणि ते तसं बसावं अशीच रचना असते. लोडलाइन कॅलिब्रेशन हे बायोसमधलं सेटिंग शेवटच्या पायरीवर टाकून ते बसणं बंद करणारे लोक आहेत. त्यात लोड सुटताना व्होल्टेज क्षणभर वर उसळतं, ते सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही आणि चिप मात्र सोसते. मधली पायरी ठेव आणि एचडब्ल्यूइन्फो या मोजमापाच्या सॉफ्टवेअरमध्ये लोडवरचा व्हीकोर, म्हणजे कोअरचं व्होल्टेज, बघ. हिशोब त्या आकड्याचा.

आता रिस्टार्टचं. थ्रॉटल, म्हणजे तापून स्पीड पाडणं, आणि रिस्टार्ट ही दोन वेगळी दुखणी आहेत, एका गोळीने बरी होत नाहीत. प्रोसेसर तापला तर तो हळू होतो, रिस्टार्ट सहसा होत नाही. तुझं मशीन गेममध्ये रिस्टार्ट होतंय, जिथे प्रोसेसर ८५-९० वॅटच घेतोय आणि १०० च्या जवळपासही नाही. म्हणजे चोर दुसराच आहे. माझा संशय तिघांवर.

पहिला, तुझा ५.१ काठावरचा आहे. गरम चिपला त्याच स्पीडसाठी थोडं जास्त व्होल्टेज लागतं. डिसेंबरात जे १.३४ पुरत होते ते मे महिन्यात अपुरे पडतात, आणि तू १.३६ दिलेस की अजून तापतं, अजून लागतं. हा चढ चढूच नकोस, खाली ये. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी दिसल्या तर हाच चोर समज.

दुसरा, बोर्डावरचे व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणारे भाग. जुन्या बैठ्या हीटसिंकचा पंखा हवा खाली बोर्डावर मारायचा, आताचे टॉवर ती आडवी नेतात, लिक्विड कूलर तर तिथे हवा फिरवतच नाहीत. एचडब्ल्यूइन्फोमध्ये व्हीआरएम किंवा एमओएस नावाचा आकडा बघ, शंभरच्या पुढे सरकत असेल तर वरच्या मागच्या कोपऱ्यात एक पंखा बसव. या कारणासाठीही लिक्विड कूलर घाईने नको म्हटलं.

तिसरा एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय, आणि माझं बोट त्याच्याकडेच जास्त आहे. एसएमपीएसची वॅट क्षमता ठरावीक तापमानाला दिलेली असते. चांगले ब्रँड ४० किंवा ५० अंशांना देतात, स्वस्तातले खोक्यावर आकडा छापतात आणि तापमानाबद्दल मूग गिळून बसतात. तुझं कॅबिनेट सतरंजीवर आहे, एसएमपीएसचा पंखा खालून हवा ओढतो. तिथली जाळी काढून उजेडात धर. पलीकडचं दिसलं नाही, तर दुखणं सापडलं म्हणून समज. त्यात उन्हाळ्याच्या संध्याकाळी अख्ख्या वस्तीचे एसी-कूलर एकदम चालू होतात, व्होल्टेज पडतं. कमी व्होल्टेजला तेवढेच वॅट द्यायचे तर एसएमपीएस जास्त करंट ओढतो आणि स्वतः जास्त तापतो. रिस्टार्ट संध्याकाळी सात ते दहामध्येच जास्त होतो का, हे आठवडाभर कागदावर टिपून ठेव. ही साधी नोंद पोरं करत नाहीत आणि आधी ग्राफिक्स कार्ड बदलून येतात.

पेस्ट आणि बैठक याबद्दल सगळे इतकं बोलतात की मी थोडक्यात आटोपणार होतो, पण तुझ्या प्रोसेसरच्या सॉकेटची, एलजीए१७०० ची, एक खोड सांगायलाच हवी. या सॉकेटचा खटका प्रोसेसरला लांब बाजूंच्या मध्यावर दाबतो. प्रोसेसर लांबट आहे, त्यामुळे तो मध्ये किंचित खाली वाकतो आणि वरच्या धातूच्या झाकणाला बशीसारखा बारीक खोलगा येतो. नेमकं मध्येच खाली सिलिकॉन, तिथेच उष्णता, आणि तिथेच पेस्टचा जाड थर! मागच्याच आठवड्यात माझ्या टेबलावर असंच एक मशीन उघडलं होतं. हीटसिंक उचलला. दोन्ही टोकांना पेस्ट इतकी पातळ की खालचा निकेल चमकतोय, आणि मध्ये अंगठ्याच्या नखाएवढा करडा, दाट लोळा, बोटाने ओढला तर दह्यासारखा निघाला. चार महिन्यांपूर्वी लावलेली चांगल्या कंपनीची पेस्ट होती ती. पेस्टची चूक नव्हती, दाबाची होती. खटका काढून त्या जागी ॲल्युमिनियमची कॉन्टॅक्ट फ्रेम बसवतात, म्हणजे दाब चारी बाजूंनी सारखा पडतो. तिने बहुधा काही अंश मिळतात. पण तिचे स्क्रू बोटाच्या जोराने, कर्णाच्या क्रमाने, पाव-पाव फेऱ्यात आवळायचे. जास्त आवळलेस तर रॅमचा एक चॅनल दिसेनासा होतो आणि मग तू मला रॅम खराब निघाली म्हणून फोन करशील.

पेस्टच्या जागी पीटीएम७९५० नावाची फेज-चेंज शीट हल्ली मिळते. ती ४५ अंशांच्या आसपास मऊ होते आणि प्रत्येक तापण्याबरोबर खोलग्यात नीट बसत जाते, पेस्टसारखी कडेला ढकलली जात नाही. माझ्या मते आपल्या हवेला ती पेस्टपेक्षा बरी. फक्त मे महिन्यातल्या दुपारी ती हातातच चिकट होते, वरची फिल्म निघता निघत नाही. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव आणि पहाटे लाव. लिक्विड मेटलच्या नादी लागू नकोस. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं, आणि थेंब बोर्डावर पडला तर शॉर्ट होईल ते वेगळंच.

आता तुझा मूळ प्रश्न, ३६० चा लिक्विड कूलर. चांगला घेतलास तर १८० वॅटला आजच्यापेक्षा पंधराएक अंश खाली येतील, हे मी नाकारत नाही. पण तोही याच खोलीतली हवा घेतो. खोली ४० असेल तर त्यातलं पाणी पन्नाशीच्या पुढे जाईल, आणि बऱ्याच पंपांची मर्यादा ६० धरलेली असते. गरम पाणी रबरी नळ्यांतून हळूहळू झिरपून कमी होतं, आपल्याकडे पुण्यापेक्षा लवकर. उन्हाळ्यात कोराडी वीज केंद्राचे मोठे कूलिंग टॉवर वाफ सोडतात, तिथे पाणी उडून जाऊनच थंडावा येतो. लिक्विड कूलरमध्ये पाणी उडत नाही, ते नुसतं हमाल आहे, उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेणारं. तिथे पुन्हा पंखा आणि खोलीतली हवा. हीटपाइपमध्येही थोडंसं पाणी असतं बरं का, कमी दाबावर बंद केलेलं. ते एका टोकाला उकळतं, दुसऱ्या टोकाला निवतं आणि परत येतं, पंपाशिवाय. मी स्वतः आठ-दहा वर्षांपूर्वीचे टॉवर अजून नव्या सॉकेटचे क्लिप लावून वापरतोय. बदलायचाच असेल तर दोन टॉवरचा, सहा पाइपांचा एअर हीटसिंक घे. आणि तरी लिक्विडच घेतलास तर रेडिएटर वरच्या बाजूला लाव, पंप सगळ्यात उंच राहील असा बसवू नकोस, नाहीतर आतली हवा पंपात येऊन गुरगुरते. सिनेबेंचची दहा मिनिटं पाहून शाबासकी देऊ नकोस, पाणी तापायला वीसेक मिनिटं लागतात. अर्धा तास चालव.

पंख्यांचं फार सांगत नाही. पुढून दोन-तीन आत, मागून एक बाहेर. पंख्याची आडवी काडी असलेली बाजू ही हवा बाहेर पडण्याची बाजू. महिन्यातून एकदा ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेव.

तपासायचं कसं? आधी पीएल १५०, मग व्होल्टेज, एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदलानंतर अर्धा तास सिनेबेंच, मग तुझाच एखादा ब्लेंडरचा जड सीन तासभर. प्राइम९५ या चाचणीतला स्मॉल एफएफटी प्रकार लावून काटा १०० ला गेला म्हणून घाबरू नकोस. तो एव्हीएक्स नावाच्या जड गणिताने प्रोसेसरला असं पिळतो की तुझ्या रोजच्या कामात तसा भार येत नाही. त्यात दहा मिनिटं थ्रॉटल झाला पण चूक आली नाही, तर मला चालतं. चूक आली तर नाही चालत. दुपारी तीनला तपास, मुद्दाम. पहाटे पाचला पास झालेलं मशीन नागपुरात पास झालेलं नसतं.

तुझ्या मित्राच्या एएमडी रायझेन ७००० चं पण विचारलंयस. त्याला सांग, ९५ दिसले म्हणून पेस्ट बदलत बसू नकोस. लोडवर ९५ पर्यंत जाऊन तिथेच थांबायचं, हे त्या प्रोसेसरांच्या रचनेतच आहे. चांगला हीटसिंक लावला की तो तापमान कमी करण्याऐवजी स्पीड वाढवतो. व्होल्टेज उतरवणारा कर्व्ह ऑप्टिमायझर उणे दहापासून सुरू करावा, किंवा सरळ कमी वॅटचा इको मोड लावावा. ६५ वॅटच्या इको मोडमध्ये तो सॉकेटमधून ८८ पर्यंतच घेतो, आणि उन्हाळ्यात ती खोली राहण्यालायक राहते. आणि तू याच झेड६९० वर पुढे तेराव्या-चौदाव्या पिढीचा आय७ किंवा आय९ टाकायचा विचार करत असशील, तर आधी बायोस अपडेट कर. त्या पिढ्यांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे चिपा कायमच्या बिघडत होत्या. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये बायोसमधून येणारा ०एक्स१२९ मायक्रोकोड देऊन व्होल्टेजला १.५५ वर बांध घातला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. वापरलेला घेणार असशील तर तो आधी जुन्या बायोसवर किती चालला, हे विकणाऱ्याला विचार. खरं उत्तर मिळेलच असं नाही.

बायोसमध्ये प्रोफाइल साठवायची सोय आहे, ती वापर. एकाला 'मे' नाव दे: ४.९, १.२५ च्या आसपास, १५० वॅट. दुसऱ्याला 'डिसेंबर': ५.१, तुझे १.३४, १८० वॅट. दिवाळीनंतर पहिल्यांदा कपाटातून स्वेटर काढशील तेव्हा दुसरं लोड कर, होळी झाली की पहिलं. मी स्वतः गेली कितीतरी वर्षं असंच करतो, कूलरला नवीन ताट्या लावायच्या दिवशी.

येत्या रविवारी सकाळी हीटसिंक काढशीलच. पेस्ट पुसू नकोस लगेच. हीटसिंकच्या बुडावर आणि प्रोसेसरवर जो ठसा उमटलेला असेल, त्या दोन्हीचा फोटो काढ आणि एसएमपीएसच्या जाळीचाही एक, उजेडात धरून. ते तिन्ही पाठव. फ्रेम मागवायची की नाही, ते ठसा पाहून सांगतो.